कावळ्यासमोर दिलेलं वचन

अंबत्तूर, चेन्नई
१० जानेवारी २०२५

दादा, नमस्कार.

फाडायचं तर फाड, पण आधी वाच. फोन केला की तू कट करतोस. व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंयस. परवा वेस्ट मांबलमला दारात आले, तर वहिनी जाळीच्या दारामागूनच म्हणाली, "क्षमाताई, नका हो येऊ, हे घरात आहेत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सख्ख्या भावाच्या दारातून कुरिअरवाल्यासारखी परत आले मी. कुरिअरवाल्याला निदान पाणी विचारतात.

दसऱ्याला आई गेली. दहाव्याला त्या क्रियेच्या जागी तू वर गच्चीवर पिंड ठेवून उभा होतास आणि मी खाली फाटकापाशी. कावळा काही शिवेना. मरणाऱ्याची इच्छा राहिली असेल तर ती पुरी करू असं सांगायचं, मग कावळा येतो, ही आपली रीत. तू वर काहीबाही सांगत होतास, मला खाली ऐकू येत नव्हतं. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले. मग एकदम वरून गलका झाला, "शिवला, शिवला!" मी हात जोडले आणि रडले. सुटली बिचारी, असं वाटलं.

तू खाली आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "आईची इच्छा कळली. आजपासून क्षमाचा आणि आमचा संबंध नाही. ती आमचा उंबरा ओलांडणार नाही, आमच्या पंगतीला बसणार नाही, आम्ही तिच्याशी बोलणार नाही. कोंबड्या मारण्याच्या पैशावर जगते ती." मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय, तेराव्यापर्यंत उतरेल. तेराव्याला माझं पान मांडलं नव्हतं.

दादा, मी कोंबडी खात नाही. अंडंसुद्धा खात नाही, केकसुद्धा विचारून घेते. मी जनावरांची डॉक्टर आहे आणि कोंबड्या कापतात त्या कारखान्यात तपासणीचं काम करते, हे तुला आज कळलं का? सहा वर्षं माहीत होतं. आईला माहीत होतं. शेवटचे पाच महिने ती माझ्याकडे होती, कारण तिचं खुब्याचं हाड मोडलेलं आणि तुझ्या तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही. मी तिला ओढून नेलं नव्हतं.

दसऱ्याला वर्षश्राद्ध येईल. त्या दिवशी मला तुझ्या घरी पंगतीला बसायचंय. दुसरं काही नको. आईच्या पाटल्या नकोत, फ्लॅटमधला वाटा नको. आईच्या नावाचं जेवण मला आईच्या घरात जेवायचंय, बस. अजून नऊ महिने आहेत. तेवढ्यात तुझा राग उतरव.

क्षमा


वेस्ट मांबलम
२६ जानेवारी २०२५

चि. क्षमा हिस,

आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहितो. बोलणार नाही असं वचन दिलंय, लिहिणार नाही असं दिलेलं नाही. तरी अप्पाजी गुरुजींना विचारून घेतलं. ते त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "लिहिणे म्हणजे बोलणे नोहे." म्हणून हे पत्र.

राग असता तर उतरला असता. हा राग नाही. तू खाली होतीस, वर काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही. मी सांगितलं, आई, तुझे देव रोज पुजीन. सांगितलं, कुलदेवीला जाऊन येईन. सांगितलं, तुझी पितळेची भांडी मोडीत घालणार नाही. कावळे होते, नव्हते असं नाही, आकाशात दिसत होते. पण पिंडाकडे एक ढुंकून बघेना. अप्पाजी म्हणत होते, "कोंजम इरुंगो," थोडं थांबा, थोडं थांबा. शेवटी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवू या, शास्त्रात चालतं. मी म्हटलं, माझ्या आईची बोळवण गवताच्या कावळ्याने नाही करायची. मग तुझा विषय काढला. पापणी लवते न लवते तोच आला. पहिला घास त्यानेच उचलला. तिथे जमलेल्या सगळ्यांनी पाहिलंय.

तू खात नाहीस, मान्य. अगं, गुत्तेवाला स्वतः पीत नसतो, म्हणून काय तो माळकरी झाला? महिन्याच्या एक तारखेला तुझ्या खात्यात जमा होतो तो कशाचा पगार आहे? त्या पगाराचा भात पाच महिने आईला घातलास. ती बिचारी परस्वाधीन, पलंगाला खिळलेली, बोलणार काय? जिवंतपणी बोलली नाही, गेल्यावर बोलली.

मला आनंद होतोय असं समजू नकोस. तुझी वहिनी कीर्ती माझ्याशी धड बोलत नाही. घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नसतो. पण आईपुढे दिलेला शब्द आहे, तो काही चहाच्या टपरीवर दिलेला नाही.

तब्येत सांभाळ.

मकरंद


अंबत्तूर
९ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा आधी आनंद झाला. मग वाचलं.

वर काय चाललं होतं ते मला ठाऊक नाही, खरं आहे. पण खाली काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही, ते ऐक. त्या जागेच्या मागच्या भिंतीला लागून गल्ली आहे. गल्लीत चिकनचं दुकान आहे. फाटकापाशी उभं राहिलं की ते समोर दिसतं. दुकानवाल्याने सकाळचा सगळा कचरा, आतडी, पिसं, पाय, पिंपात भरून बाहेर ठेवला होता. पिंप भरून वाहत होतं. सगळ्या मांबलमचे कावळे तिथे जमले होते. ताजं मांस समोर असताना तीळ घातलेला भाताचा गोळा कोण खाईल? मग कचऱ्याची गाडी आली, पिंप उचलून घेऊन गेली. दुकानवाल्याने बादलीभर पाणी मारून जागा धुतली. कावळे उडाले, आणि त्याच क्षणी वरून तुमचा गलका. मी हे डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी मला त्याचा अर्थ लागला नाही, कारण तू काय बोलत होतास ते मला माहीत नव्हतं. तू फ्लॅटच्या हप्त्याबद्दल बोलत असतास तरी तो तेव्हाच आला असता.

आता माझ्या पगाराबद्दल. मी काय करते ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. पहाटे ट्रक येतात. पिंजऱ्यांत कोंबड्या असतात. पाच-सहा आठवड्यांचं वय, आणि अंग एवढं वाढवलेलं की स्वतःच्या पायांवर धड उभं राहवत नाही. आजारी, मोडलेल्या, तापलेल्या मी बाजूला काढते. मग त्यांना उलटं टांगतात आणि विजेच्या पाण्यातून नेतात, म्हणजे सुरी लागण्याआधी शुद्ध हरपते. करंट कमी पडला तर शुद्ध हरपत नाही. ते बघायला मी उभी असते. डोळा मिटला की नाही, मान पडली की नाही. नसेल तर मी हात वर करते आणि त्यांना टांगून नेणारा पट्टा थांबतो. मॅनेजर दात-ओठ खातो, पण थांबवावा लागतो. मी तिथे आहे म्हणून कोणी चिकन खायचं थांबत नाही, आणि मी गेले म्हणूनही थांबणार नाही. एवढंच की मी असताना त्या जाग्या नसतात.

आई रोज संध्याकाळी विचारायची, "आज त्यांना फार त्रास नाही ना झाला?" आधी मला अंघोळ करायला लावायची, मग विचारायची. मी नाही म्हटलं की तिला बरं वाटायचं. पाच महिने आमचं हेच बोलणं.

आणि तू? इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात खरेदीचा साहेब आहेस. महागड्या गाड्यांच्या सीटना लागणारं चामडं काय झाडाला लागतं? गायी-म्हशींचंच ना ते? का तेही कावळ्याने पास केलंय?

क्षमा


वेस्ट मांबलम
२ मार्च २०२५

चि. क्षमा,

तुला सगळीकडे कोंबडीच दिसते. आईच्या दहाव्याला पण तू कोंबडीच बघत होतीस.

चामड्याचं म्हणशील तर जनावर चामड्यासाठी मारत नाहीत. मारणारे मांसासाठी मारतात, उरलेलं चामडं वाया जाऊ नये म्हणून वापरतात. मी ऑर्डर दिली नाही तर एक म्हैस जास्त जगेल का? तू मला तत्त्वज्ञान शिकवू नकोस. मी माझ्या हाताने कधी मुंगी मारली नाही.

हे लिहिलं आणि कीर्तीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हेच तर ताई म्हणतायत. त्यांनी नोकरी सोडली तर एक कोंबडी जास्त जगेल का?" बायको असून नणंदेची वकिली करते, असं घर आहे माझं. तर ते असो. मला वाद घालायचा नाही. वादात तू लहानपणापासून पुढे, मी दहावीला असताना तू पाचवीत माझी गणितं तपासायचीस.

तो दुकानवाला, ती गाडी, सगळं खरं असेल. असं समज की आईनेच ती गाडी तेव्हा पाठवली. तू माझ्या बोलण्याला हसशील. हस. पण मी तिथे उभा होतो, क्षमा. दीड तास उन्हात उघड्या अंगाने आईला "ये" म्हणत उभा होतो. तो आला तेव्हा मी तिथेच तापल्या गच्चीवर डोकं टेकलं. ते तुझ्या कचऱ्याच्या गाडीत मावत नाही.

एक करता येईल. तू ती नोकरी सोड. शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने ढीगभर आहेत. तू मोकळी झालीस की मी अप्पाजींना विचारतो, वचनाचं कारणच उरलं नाही तर वचनाचं काय. नक्की सांगत नाही, पण विचारतो. मला काय तू नकोयस असं वाटतं का तुला?

मकरंद


अंबत्तूर
८ जून २०२५

दादा,

सोडली. ३१ मेला शेवटचा दिवस झाला.

तुझं पत्र आल्यावर दोन महिने मी काहीच केलं नाही. कारण तुझ्या अटीवर नोकरी सोडायची म्हणजे तू बरोबर आणि मी चूक असं कबूल करायचं, ते मला जमेना. मग मेमध्ये ऊन काय पडलं तू पाहिलंसच. एक ट्रक पंक्चर होऊन हायवेवर तासन् तास उभा राहिला. आला तेव्हा वरच्या पिंजऱ्यांतल्या बहुतेक मेलेल्या, खालच्या धापा टाकणाऱ्या. मी म्हटलं, हा माल घ्यायचा नाही, जिवंत आहेत त्यांना आधी सावली-पाणी द्या. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुम्ही शाकाहारी माणसं, तुम्हाला हे झेपत नाही. घरी बसा." सहा वर्षं तिथे मी शाकाहारी म्हणून टोमणे खाल्ले आणि घरी मांसवाली म्हणून. त्या दिवशी तुझं पत्र आठवलं. म्हटलं, निदान एका ठिकाणी तरी जागा मिळेल.

आता कोडंबाक्कमच्या एका दवाखान्यात जाते. श्रीमंतांची कुत्री येतात, त्यांना खायला चिकनच घालतात, पण ते आपण सोडून देऊ. पगार निम्मा आहे. चालेल.

अप्पाजींना विचार. आजच विचार. मला वर्षश्राद्धाला काय आणायचं तेही वहिनीला विचारून लिही. मी खिरीसाठी दूध आणीन, नाहीतर केळीची पानं आणीन. नको असेल तर काहीच आणणार नाही, नुसती येईन.

तुझी,
क्षमा


वेस्ट मांबलम
६ जुलै २०२५

चि. क्षमा,

तुझं पत्र हातात घेऊन पंधरा दिवस ऑफिसला ये-जा केली. कंपनीच्या बसमध्ये काढायचो, पुन्हा घडी घालून ठेवायचो. तू नोकरी सोडलीस हे कीर्तीला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसून रडली. आनंदाने. मला तिला पुढचं सांगवेना.

अप्पाजींना विचारलं. ते म्हणाले, पितरांपुढे दिलेलं वचन कारण संपलं म्हणून संपत नाही. आणि मला हेही माहीत होतं की कारण ते नव्हतंच.

मला वाटलं होतं ही गोष्ट मी मरेपर्यंत पोटात ठेवीन. पण तू नोकरी सोडून बसलीस, म्हणजे आता खोटं बोलत राहिलो तर तो अपराधच. तर ऐक. मी दहाव्याला आधी तुझा विषय काढला नाही असं तुला लिहिलं. ते खरं नाही. मी सगळ्यात आधी तुझंच बोललो. भांडी आणि देव नंतर. आईला काळजी असेल तर तुझीच असणार, एकटी राहतेस, लग्न केलं नाहीस. म्हणून मी म्हटलं, "आई, क्षमाची काळजी करू नकोस. तिला अंतर देणार नाही. माझ्या ताटातला अर्धा घास तिचा." एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं. तिसऱ्यांदा रडून म्हटलं. कावळा कठड्यावरसुद्धा बसला नाही. अप्पाजींनी खाली मान घातली.

मग बाकीचं सगळं सांगून झालं. शेवटी मी आईवरच चिडलो. म्हटलं, "मग काय करू? तिला तोडू? संबंध तोडू तिच्याशी?" आणि तो आला.

मी काय करायचं होतं? माझ्या आईने माझ्या बहिणीला नको म्हटलं, हे मी खाली येऊन सगळ्यांना सांगायचं होतं? तुला सांगायचं होतं? कारण हवं होतं, तुझी नोकरी सापडली. म्हटलं, तुला वाटू दे की दादा सोवळ्याचा बाऊ करतो, दादा दुष्ट आहे. आईला तू नको होतीस असं वाटण्यापेक्षा ते बरं. मग मी तुला नोकरी का सोडायला सांगितली, असं विचारशील. वेडी आशा, दुसरं काय. कदाचित आई त्याच्यावरच रागावली असेल असं मलाही वाटायला लागलं होतं.

पाच महिने तिथे काय झालं ते तूच जाणे. मी विचारत नाही.

मकरंद


अंबत्तूर
७ सप्टेंबर २०२५

दादा,

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. तुझं पत्र वाचून मी आईचे ते पाच महिने पुन्हा पुन्हा उलटेपालटे केले. कुठे चिडले का, कुठे बेडपॅन द्यायला उशीर केला का, भात गार दिला का. एकदा ती म्हणाली होती, "मकरंदाला बघावंसं वाटतं," आणि मी म्हटलं होतं, "तो रविवारी येईलच." त्या रविवारी तू आला नाहीस. तेच असेल का? असं शोधत बसायचे. मी जनावरांची डॉक्टर आहे, कावळा कशाला येतो आणि कशाला येत नाही हे मला चांगलं कळतं. तरी गॅलरीत कावळा बसला की मी आत जाते. हे तू केलंस. चांगल्या हेतूने केलंस, पण केलंस.

कारखान्यातून पॅकिंगमधल्या बाईंचा फोन आला होता. माझ्या जागी अजून कोणी घेतलेलं नाही. करंट कमी पडतो तेव्हा पट्टा तसाच चालू राहतो. ती म्हणाली, "डॉक्टरम्मा, ओरडतात हो आता." तुझ्याकडच्या एका पानासाठी मी ती जागा सोडली. याचा हिशेब कुठल्या कावळ्याला विचारायचा?

पण मी अजून ते पान सोडलेलं नाही. ऐक. यंदा दसरा दोन ऑक्टोबरला आहे, म्हणजे गांधी जयंती. त्या दिवशी शहरात मटण-चिकनची सगळी दुकानं बंद असतात. ती मागची गल्लीही बंद असेल. पिंप नसेल, गाडी नसेल. कावळे उपाशी असतील. तू त्याच जागी श्राद्ध करणार आहेस, अप्पाजी तिथेच असतात. पान ठेव आणि तेच म्हण, जे पहिल्यांदा म्हणाला होतास. "क्षमाला अंतर देणार नाही." बाकी काही बोलू नकोस. बघ येतो की नाही. आला तर आईचं उत्तर ते समज. तू कावळ्याचं ऐकतोस ना? मग दोन्ही वेळचं ऐक.

मला हे लिहायची लाज वाटते. चिकनवाल्याच्या सुट्टीवर माझं माहेर टिकवायची वेळ आली. पण दुसरी भाषा तुला कळत नाही.

क्षमा


वेस्ट मांबलम
१६ सप्टेंबर २०२५

चि. क्षमा,

कीर्ती तीन दिवस मागे लागली होती. करतो. तू लिहिलंस तेच म्हणेन, एक शब्द कमी नाही, जास्त नाही. अप्पाजींना विचारलं. म्हणाले, पितरांना पुन्हा विचारायला हरकत नाही.

तू सकाळी मांबलम स्टेशनवर येऊन बस. कावळा आला की कीर्ती तुला फोन करील, स्टेशनपासून घर पाच मिनिटांवर. तुझं पान मांडून ठेवतो. येताना काही आणू नकोस.

मलाही तो यावासा वाटतो, एवढं लिहून ठेवतो.

मकरंद


वेस्ट मांबलम
४ ऑक्टोबर २०२५

चि. क्षमा,

तू स्टेशनवर दुपारपर्यंत बसली असशील, असं कीर्ती म्हणाली. तिने तुला नंतर फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून काय झालं ते लिहितो.

श्राद्ध यथासांग झालं. गल्ली बंदच होती, तू म्हणालीस तशी, शटर खाली. गच्चीवर जाऊन मी पान ठेवायला वाकलो. हात मागे घेतला नव्हता, तेवढ्यात आले. एक नाही, झुंडच. दोन तर माझ्या हातावरून गेले, मनगटाला ओरखडा आहे. अप्पाजी मागे सरले. वडा, खीर, भात, भाजी, क्षणात पान साफ. पान फाटलं. मला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही, क्षमा. मी शब्द जुळवून ठेवले होते, ते तोंडातच राहिले.

मी अप्पाजींकडे बघितलं. ते म्हणाले, "अम्मा तृप्त झाल्या. आता काही सांगणे नको." बरोबरच आहे. काही न मागता, काही न ऐकता ती जेवली. म्हणजे तिचं मागणं काही उरलेलं नाही. आहे ते तिला मान्य आहे. असं असताना मी आपल्या मनाने नवीन वचन कसं देणार? आणि नवीन दिलं नाही म्हणजे मागचं कायम.

तुझं पान मांडलं होतं. मी शब्द पाळला. शेवटी ते खालच्या गायीला घातलं. वडे आणि खीर तुला कुरिअरने पाठवावी असं कीर्तीचं म्हणणं होतं, पण पंगत ती पंगतच, मग ती घरात असो की डब्यात. ती त्या दिवशी जेवली नाही.

मी प्रयत्न केला, हे तू मान्य करशील. आता आईला शांत राहू दे.

मकरंद


अंबत्तूर
१० ऑक्टोबर २०२५

दादा,

सकाळी न्हाऊन, आईची हिरवी नऊवारी नेसून मी मांबलम स्टेशनच्या बाकावर बसले होते. सणाची गर्दी होती, बायका फुलं घेऊन चालल्या होत्या. समोरच्या चिकनच्या दुकानाचं शटर बंद दिसलं की मला धीर यायचा. फोन वाजला नाही, तेव्हा मी समजले की कावळा आला नाही. आईला मी खरोखरच नको होते, असं समजून लोकलने घरी आले. घरी येऊन दहीभात खाल्ला आणि झोपले. वहिनीचा फोन म्हणूनच उचलला नाही. पाच-सहा दिवस तसे काढले. मग तुझं पत्र आलं.

चूक माझीच. भुकेला कावळा कोणाचं बोलणं संपायची वाट बघत नाही, हे मी विचारात घ्यायला हवं होतं. कावळ्याला पाठ शिकवणारी मी कोण?

सोमवारपासून मी पुन्हा कारखान्यात जाणार आहे. मॅनेजरला मीच फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा धर्म बदलला का?" मी म्हटलं, नाही, तोच आहे. पगार पहिल्यापेक्षा कमी देणार आहे. घेतला.

यापुढे पत्र लिहिणार नाही. तुला उत्तर द्यायची तसदी नको. वहिनीला सांग, तिच्यावर राग नाही.

पण एक विचारते, तेवढं मनाशी उत्तर दे. कावळे जेवत होते तेव्हा तुला म्हणता आलं असतं. ते उडून गेल्यावर म्हणता आलं असतं. आई तृप्त होती, पान रिकामं होतं, अप्पाजी होते, वहिनी खाली फोन हातात घेऊन उभी होती. तिथे उभं राहून "क्षमाला अंतर देणार नाही" एवढं म्हणायला तुला कोणी अडवलं होतं, दादा?

क्षमा